पावसाळ्यात निजणारी वाट

आमचं शेत डोंगराच्या पायथ्याला. धारवाडातनं अळणावरला जाणारी गाडी रान लागलं की हळू होती बगा, त्या बाजूला. स्टेशनावर उतरलं की गाव, गाव संपलं की आमचं शेत, शेत संपलं की डोंगर. वर माथ्यावर देवाचं लहान देऊळ, देवळामागं झरा. पलीकडच्या उताराला गवळ्यांची वस्ती. त्या गवळ्यांना दूध-लोणी घेऊन स्टेशनाला यायचं तर आमच्या शेतातनंच यायला लागायचं. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला खडक. तिसरीकडनं यायचं तर पाखराला.

मी दुसरीपर्यंत शिकले, ते बी कानडीत. लग्न होऊन आले तवा सासूनं पहिल्यांदा शेत दाखवलं आणि सांगितलं, "ही वाट बग. ही सहा महिने जागी असती, सहा महिने निजती."

सासूला आमी अत्ती म्हणायचो, कानडी लोकांगत. मला वाटलं अत्ती थट्टा करती. पण तसंच होतं. मृगात भात पेरलं, हिरवी ओळ दिसायला लागली की अत्ती बोरीच्या काटेरी फांद्या आणायची. वाट शेतात शिरती तितं एक, डोंगराकडं बाहेर पडती तितं एक, अशा दोन आडव्या टाकायची. हळदकुंकू वाहायची आणि म्हणायची, "नीज बाई आता." त्या दिवसापासनं सगळी माणसं ओढ्याच्या बांधावरनं जायची. लांबचा फेरा, पाय घसरायचे, पण कुणी फांदी ओलांडून जायचं न्हाई. गवळ्यांची म्हैस सुद्धा सवयीनं बांधाकडं वळायची.

दिवाळीच्या पुढंमागं भात कापलं, खळं झालं की अत्ती दोन्ही फांद्या उचलायची. वाट उठली म्हणायची. त्या दिवशी पहिल्यांदा जो कुणी सरळ शेतातनं येईल त्याच्या ओंजळीत नवे पोहे आणि गूळ. पलीकडची एक गवळण दरसाल त्यासाठी टपून बसायची. लोण्याचं मडकं डोक्यावर घेऊन धापा टाकत यायची आणि लांबनंच ओरडायची, "अत्ती, मीच की नव्हं पहिली?"

"तुजं पोट पहिलं," अत्ती म्हणायची आणि ओंजळ भरायची.

मग उन्हाळाभर शेतातनं माणसं. कुणाचं बाळंतपण झालं, कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोरीला कुठनं मागणं आलं, सगळं आमच्या शेतात बसून कळायचं. मला कुठं जायला लागायचं न्हाई.

मालक गेले ते अळणावरच्या लाकडाच्या अड्ड्यावर. ओंडका घसरला. लेक पाळण्यात होती. मग शेत मी आणि अत्ती करायला लागलो. बैल न्हाईत. ज्यांचे बैल त्यांच्या शेतात भांगलायला, तण काढायला जायचं, बदल्यात ते आमची पेरणी करून द्यायचे. भात घरी यायचं ते वर्षभराचं खाणं. एखाद्या साली कमी आलं तर आमी दोघी रात्रीची पेज पातळ करायचो. त्यात काय सांगण्यासारखं न्हाई, तसं सगळीकडंच होतं.

नव्वद सालानंतर कधीतरी शहरातली पोरं यायला लागली. थंडीचे दिवस होते. सकाळच्या गाडीनं उतरली, पाठीला पिशव्या, पोरींच्या डोक्याला रुमाल. पुढं एक सर. धारवाडच्या सप्तापुरात राहायचे, कॉलेजात शिकवायचे, मराठीच घर. अत्ती खळ्यावर बसलेली. म्हणाली, "काय रे बाबा, कुणाची वरात? नवरी कुठं हाय?"

पोरी हसायला लागल्या. एक म्हणाली, "आजी, आम्ही डोंगर चढायला आलोय."

"वर काय हाय?"

"काही नाही. चढायचं आणि उतरायचं."

अत्तीनं तिला खालीवर बघितलं. "घरी समदं बरं हाय नव्हं?"

सर सगळ्यात जास्त हसले. मला अक्का म्हणाले, पाणी मागितलं. मी ताक दिलं. तेव्हापासनं थंडी-उन्हाळ्यात एखाद्या रविवारी ती माणसं यायचीच. उतरताना आमच्या आंब्याखाली बसून डबे उघडायची. अत्तीला शिरा-बिरा काय असंल ते द्यायची. अत्ती खायची आणि म्हणायची, "साखर कमी हाय. सप्तापुरात साखर मिळत न्हाई काय?" पुढच्या खेपेला ती पोर मुद्दाम जास्त साखर घालून आणायची. अजून मला ती पोरं आठवतात. नावं ठावं न्हाईत, पण कुणाचं हसू कसं होतं ते सांगीन.

एका उन्हाळ्यात सर म्हणाले, मागच्या खेपेला काही पोरं रानात वाट चुकली, संध्याकाळपर्यंत फिरत बसली. दगडांवर बाण काढून ठेवायचे. रंगाचा डबा आणलेला, तो गाडीतच सांडला. पोरांच्या पिशव्या, चपला सगळं पांढरं. आता काय करायचं?

अत्ती म्हणाली, "त्यात काय, चुना हाय की घरात." भिंतींना लावून उरलेला चुना मडक्यात होता. तिनं तो भिजवून दिला, बरोबर जुना कुंचला. वर स्वतः पुढं होऊन दाखवायला लागली, "हितं एक मारा. ह्यो दगड लांबनं दिसतोय." आमच्या शेताच्या तोंडाला मोठा दगड होता, त्यावर मोठा बाण. सरळ शेताकडं. मग डोंगराकडच्या टोकाला एक, तसंच वर देवळापर्यंत. काम झाल्यावर अत्ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. तिला ते लई आवडलं.

आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं न्हाई की बाण उन्हाळ्यातला हाय आणि पावसाळा येणार हाय. आमच्याकडं ते सांगायची वेळच कधी आली नव्हती. समद्यांना ठावंच असायचं.

श्रावण लागला. भात गुडघ्याला आलेलं. डोंगर हिरवागार, धबधबे सुटलेले, ते बघायला हुबळीकडनं दुसरीच पोरं आली. आमचे सर त्यात नव्हते. पोरं बाण बघत आली. आमची फांदी दिसली, ती उचलून ओढ्यात टाकली आणि सरळ शेतातनं गेली. एकामागं एक. मी दुसऱ्याच्या शेतात भांगलत होते. परत आले तर शेताच्या मधोमध चिखलाची रेघ, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत.

आडवी झालेली रोपं उभी करून बुडाशी माती दाबली. काही राहिली, काही गेली. नवी फांदी आणून टाकली.

पुढच्या रविवारी परत. ह्या खेपेला मी आणि अत्ती तितंच होतो. मी आडवी उभी राहिले. एक पोरगा म्हणाला, "बाई, बाण दिसत नाही काय? वाट आहे ही."

"वाट हाय," मी म्हटलं. "पण आता निजलीया. बांधावरनं जावा."

सगळी हसली. "वाट झोपते?" एकजण म्हणाला. "मग उठवा की तिला."

अत्तीच्या हातात विळा होता. ती म्हणाली, "घरी जेवताना आईच्या ताटात पाय देऊन पलीकडं जातोस काय रे?"

तेवढ्यानं काही जणं बांधाकडं वळली. पण दोघं-तिघं रागानं माघारी फिरली आणि धारवाडात जाऊन तक्रार केली. डोंगरावर जायची सार्वजनिक वाट, एक बाई काटे टाकून अडवती, विळा दाखवती. असं.

मग मोजणीचे साहेब आले. बरोबर साखळी धरणारा माणूस. साहेब मनानं वाईट नव्हते. मी त्यांना सगळं सांगितलं. सहा महिने अशी, सहा महिने तशी. त्यांनी ऐकून घेतलं आणि कानडीत म्हणाले, "अव्वा, माझ्याकडं वाट एकतर असती, न्हाईतर नसती. अर्धी वाट लिहायला जागा न्हाई. असंल तर सरळ वाट कायमची आखून देतो, गाडी जाईल एवढी रुंद, बारा महिने उघडी. नसंल तर नसंल, मग कुणी पाय टाकायचा न्हाई. भात कापून झालं की येतो. तोवर ठरवा."

आता आमचं शेत कसं हाय ते सांगते. लांब हाय, पण रुंद न्हाई. पेरायची कुरी घेऊन बैल आडवे जातात, टोकाला वळतात, परत येतात. मधोमध गाडीवाट गेली की एक तुकडा ह्या अंगाला, एक त्या अंगाला. दोन्हीत बैलजोडी वळायला जागा न्हाई. वळायलाच अर्धी जमीन जाणार. मग पेरायचं काय आणि खायचं काय? आणि वाट न्हाई म्हणून सांगितलं तर गवळी कुठनं येणार? दोन महिने मी हेच घेऊन निजत होते आणि हेच घेऊन उठत होते.

दीर अमरगोळच्या मार्केट यार्डात अडत्याकडं कामाला. त्याला कळलं तसा आला. म्हणाला, "वैनी, सोपं हाय. वाट न्हाई म्हणून सांग. आपण फांदी टाकतो म्हणजे बंदच की. तार मी आणतो."

"आणि गवळी?"

"गवळी म्हशीवर बसून ओढ्यातनं येतील."

अत्ती म्हणाली, "तू लहानपणी तापानं फणफणलास तवा त्या वस्तीवरच्या बाईनं पाठीवर घेऊन स्टेशनाला नेलं. कुठनं नेलं? ओढ्यातनं?"

तो चपला घालायला लागला. पण जाताना परत म्हणालाच, "तार आणतो."

सर आले ते एका मधल्या वारी, एकटेच. शेताच्या तोंडाशी उकिडवे बसले, चिखलाची रेघ बघत. चेहरा उतरलेला. म्हणाले, "अक्का, हे माझ्या हातानं झालं."

अत्ती म्हणाली, "चुना माझा, हात तुमचा. अर्धं-अर्धं वाटून घ्या."

सरांनी दगडावरचा बाण खरवडून काढला. मला वाटलं, आता हे साहेबाला सांगतील की वाट नको. पण ते म्हणाले, "अक्का, वाट नाही असं मात्र सांगू नका."

मला राग आला. मी तशी रागवत न्हाई. म्हटलं, "सर, तुमचं डोंगर चढणं हाय. माझं पोट हाय."

ते म्हणाले, "तुम्ही आहात तोवर ठीक आहे. तुमच्या अत्तींनी वाट सांभाळली, तुम्ही सांभाळाल. तुमच्या नंतर? लेक लग्न होऊन जाईल. उद्या हे शेत कुणी विकत घेतलं, चारी बाजूंनी तार मारली, तर त्या गवळ्यांनी कुणाच्या दारात उभं राहायचं? तेव्हा म्हणतील, वाट नव्हतीच, मालकिणीनंच सांगितलं होतं."

मी त्यांना ताक दिलं न्हाई त्या दिवशी. त्यांनीही मागितलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी ती पोह्यांची गवळण आली. लोण्याचा गोळा केळीच्या पानात बांधून आणला, माझ्यापुढं ठेवला आणि बसली. काय बोलंल म्हणून मी वाट बघितली. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बांधावरनं निघून गेली. तिच्या बोलण्यापेक्षा ते जड होतं.

भात कापलं. भारे डोक्यावर घेऊन बांधावरनं खळ्याकडं येत होते तवा माझं ठरलं. बांध द्यायचा. ओढ्याकडचा बांध, त्याला लागून चार हात जमीन. तितं शेवग्याची झाडं होती आणि म्हशीपुरतं गवत. ते गेलं तर म्हैस ठेवता येणार न्हाई. पण शेत अखंड राहील.

अत्तीला सांगितलं. ती पाखडत होती. सूप थांबलं.

"मग वाट उठायची कधी?"

"उठायची न्हाई आता, अत्ती. बांधावरच राहायची. बारा महिने."

ती परत पाखडायला लागली.

साहेब आले त्या दिवशी शेतात ही एवढी माणसं. गवळी आले, दीर आला, सर आले. मी उभी राहून सांगितलं, बांध घ्या, कायमचा घ्या, पण शेत चिरू नका. दीर खाली बघून जमीन उकरत होता. सर म्हणाले, "साहेब, सरळ वाट जुनी आहे. पिढ्यांची आहे. ती पुसली तर परत मिळायची नाही."

मी म्हटलं, "सर, मला बी ती पुसायची न्हाई. पण बैल कुठं वळवू ते सांगा."

सर शेताकडं बघत राहिले. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. त्यांचं खोटं नव्हतं, माझं बी खोटं नव्हतं.

साहेबांनी गवळ्यांना विचारलं, "फेरा पडंल तुमाला. उन्हाळ्यात सुद्धा. चालंल?" त्यांच्यातला म्हातारा पागोटं काढून परत बांधायला लागला. बांधून झाल्यावर म्हणाला, "चालंल. तिचं शेत राहू दे." मी अंगठा न्हाई, सही केली. कानडीत. सरांनी बघितलं आणि हसले.

बांधावर दगड रोवले. म्हैस मी विकली. ताक बंद झालं. पोरं यायची, आता सरांनी आधीच सांगून ठेवलेली, बांधावरनं जायची. लांबनं हात करायची. आंब्याखाली बसायला येणं कमी झालं, कारण आंबा शेताच्या ह्या अंगाला आणि वाट त्या अंगाला. त्यात कुणाची चूक न्हाई. माणसं वाट जाईल तिकडनं जातात.

अत्तीनं मात्र ते कधी मानलं न्हाई. शेत मोकळं झालं की ती सरळच जायची, काठी टेकत, मधोमध. आणि बांधावरनं जाणाऱ्यांना हाका मारायची, "डोळे फुटले काय? पीक हाय काय शेतात? या की हिकडनं!" नवी पोरं घाबरायची. गवळी म्हणायचे, "अत्ती, साहेब ओरडंल." ती म्हणायची, "साहेबाला म्हणावं जेवायला ये." शेवटच्या वर्षी तिला खळ्यापर्यंत बी चालवत नव्हतं. अंगणात बसून हाका मारायची. कुणाला ऐकू जायच्या न्हाईत.

ती गेली. लेकीचं लग्न झालं. मग डोंगराला भाव आला. आमच्या शेजारचा खडकाकडचा उतार हुबळीच्या कुणीतरी घेतला, वरची गवताची पट्टी दुसऱ्यानं. मोठी घरं झाली, लोखंडी फाटक, त्यावर पहारेकरी. पलीकडच्या बाजूनं डोंगरावर जायच्या वाटा एकेक करून बंद झाल्या. आमच्याकडं बी माणूस आलता, शेत मागायला, हातात किल्ल्या फिरवत. बांधावर कायमची वाट हाय हे कळल्यावर त्यानं तोंड वाकडं केलं आणि परत आला न्हाई. आता देवळाला जायचं तर आमच्याच बांधावरनं. रविवारी मोटारी गावाबाहेरपर्यंत लागतात. माणसं कानाला फोन लावून जातात. काहीजण हसून नमस्कार करतात, काहीजण बाटल्या टाकतात, त्या मी उचलते. सरांनी सांगितलेलं खरं झालं, हे मला मान्य हाय. मी तसं त्यांना सांगितलं बी.

म्हणजे ते परत आले होते. मध्ये बरीच वर्षं गेलेली. नोकरी संपलेली, केस सगळे पांढरे, हातात काठी. बरोबर त्यांच्या बाई. उन्हाळा होता, शेत मोकळं, कापलेल्या भाताची खुंटं वाळून पिवळी झालेली. मी त्यांना ओळखलं चालण्यावरनं.

"अक्का, आहात होय अजून?"

"न्हाई तर कुठं जाती? तुमीच आला न्हाईत."

बाईंना म्हणाले, "ह्याच त्या." काय सांगितलं असंल कुणास ठाऊक. बाईंनी माझा हात धरला. सरांना देवळापर्यंत एकदा जायचं होतं. शेताच्या तोंडाशी आलो. समोर सरळ गेलं तर डोंगर हाकेवर. बांधावरनं मोठा फेरा, आणि त्यांच्या गुडघ्यात दुखतंय ते मला दिसत होतं.

मी म्हटलं, "सर, जावा सरळ. माझंच शेत हाय. कोण बघतंय?"

त्यांनी शेताकडं बघितलं. मग काठी बांधाकडं वळवली. "नको अक्का. एवढं भांडून ठरवलं आपण."

"मी बी कधी जात न्हाई," मी म्हटलं.

"कधीच नाही?"

"सही केलीया नव्हं."

मग आमी तिघं बांधावरनं निघालो. ऊन चढलं होतं. सरांना दम लागायचा, मग आमी थांबायचो. बाई म्हणाल्या, "अहो, पोचणार आहात का आज?" ते म्हणाले, "अक्कांना विचार, जमीन त्यांची आहे." ओढ्याच्या वळणावर दगडावर बसले ते बसलेच. देवळापर्यंत काय जाणं झालं न्हाई. तितं बसून आमी शेताकडं बघत होतो. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत सगळं एकसारखं, मध्ये कुठं रेघ न्हाई.

सर म्हणाले, "वाट कुठून जायची ते आता मलाही नक्की सांगता यायचं नाही."

मला येतं. पण मी बोट केलं न्हाई. म्हटलं, "चला, ऊन लागंल, घरी चला. ताक न्हाई, पण चहा करते."